ट्रॅक्टरचे तास-मीटर बंद पडले तर...

"इंजिन चालतंय ना? मग मीटर बंद असलं म्हणून काय बिघडतंय?" जुन्या ट्रॅक्टरच्या मालकाकडून हेच उत्तर ऐकायला मिळते. पण बिघडते ते नंतर. इंजिनाचे तेल व फिल्टर कधी बदलायचे, ते या मीटरवरून ठरते. पुस्तिकेत २५० तास दिलेले असताना अंदाजाने ४०० तास गेले, तर बेअरिंग झिजतात आणि इंजिन खोलायची पाळी येते. भाड्याच्या नांगरटीत तासांवरून होणारा तंटा वेगळाच.

जुन्या ट्रॅक्टरचे मीटर इंजिनाकडून येणाऱ्या केबलवर चालते. नळीतली पिळाची तार फिरते, तीच काटा हलवते आणि तासांचे आकडे पुढे सरकवते. पुष्कळदा मीटर शाबूत असते, तुटलेली असते ती तार.

तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून मीटरमागचा नट सैल करा व केबल बाहेर घ्या. गळ्यातला रुमाल काढून ठेवा, पंखा-पट्ट्यापासून लांब राहा आणि इंजिन हळू चालू करा. तार फिरत नसेल तर ती तुटली आहे किंवा इंजिनाकडचे टोक झिजले आहे. फिरत असेल तर दोष मीटरचा. काटा थरथरत असेल तर केबल कोरडी पडली असेल किंवा कुठेतरी दुमडली असेल.

नवी केबल त्याच लांबीची घ्या. तारेला पातळ ग्रीस लावा, पण मीटरकडची चार बोटे कोरडी सोडा. नाहीतर ग्रीस मीटरमध्ये चढते. नव्या ट्रॅक्टरचे मीटर विजेवर चालते. तिथे आधी फ्यूज आणि वायर पाहा.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. केबलच्या मीटरचा तास म्हणजे घड्याळाचा तास नव्हे. तो इंजिनाच्या फेऱ्यांवर मोजला जातो. मीटर १५०० फेऱ्यांना जुळवलेले असेल आणि इंजिन तासभर ७५० वर चालले, तर अर्धाच तास दिसेल. म्हणून भाडे मीटरवर की मनगटी घड्याळावर, हे आधीच बोलून घ्यावे.

मीटर बदलले तर जुना आकडा तारखेसह वहीत लिहा. सोसायटीचा किंवा ग्रामपंचायतीचा ट्रॅक्टर असेल तर नोंदवहीत सहीनिशी नोंद हवीच. दुरुस्ती होईपर्यंत सुरू-बंदची वेळ टिपत जा. नांगरटीची घाई सुरू होण्याआधी, ट्रॅक्टर दारात उभा आहे तोवरच हे काम उरकून घ्या.