दुपारचा रेडिओ आणि पाच हजारांचं बिल

आमच्या घरात नेट आलं ते २००६ च्या दिवाळीत. टिळकवाडीतल्या आमच्या जुन्या घराच्या बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर, त्यावर माझ्या सासूबाईंनी विणलेलं क्रोशाचं झाकण आणि शेजारी लुकलुकणारा मोडेम. महिना पाचशे रुपये. कागदावर खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की महिन्याला एक जी.बी. मिळेल, त्यापुढच्या प्रत्येक एम.बी.ला एक रुपया, आणि रात्री दोन ते सकाळी आठ सगळं मोफत. ह्यांनी सही केली. एक जी.बी. म्हणजे किती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. पाचशे रुपये म्हणजे किती, ते मात्र पक्कं ठाऊक होतं.

त्याच वर्षी माझ्या नणंदेचा मुलगा इंजिनिअरिंगला आमच्याकडे राहायला आला. नणंद दिलेली गोकाककडच्या कन्नड घरात. मुलगा आमच्याशी मराठी बोलायचा, फोनवर आईशी कन्नड, आणि चिडला की दोन्ही एकत्र. गुणी पोर. जेवलेलं ताट स्वतः उचलून ठेवणारं. रात्री दोनला उठून कॉम्प्युटरपुढे बसायचं मात्र. विचारलं तर म्हणायचा, ‘‘प्रोजेक्टचं आहे मामी.’’ त्या खोलीतला निळसर उजेड दाराच्या फटीतून आमच्या खोलीत येई आणि मी कूस बदलून झोपून जाई.

पुढच्या वर्षी जुलैत बिल आलं. ४,९४४ रुपये. ह्यांनी ते दोनदा चष्मा पुसून वाचलं. त्या वेळी ह्यांची पेन्शन नुकती सुरू झाली होती, मुलीच्या फीचा हप्ता तोंडावर होता. पाच हजार ही आमच्यासाठी महिन्याच्या किराण्याहून मोठी रक्कम होती.

घरात संशय कुणावर जाणार? रात्री दोनला कोण जागतं? मी त्याच्या तोंडावर काही बोलले नाही, पण स्वयंपाकघरात भांडी जरा जास्त आपटली आणि ‘‘लोकांच्या घरी राहताना माणसानं जपून राहावं’’ असं भिंतीकडे बघून म्हणाले. भिंतीला कान असतात म्हणतात, इथे भिंतीपलीकडे तोच होता. संध्याकाळी तो जिन्यावर बसून फोनवर बोलत असलेला मी ऐकला. ‘‘नानल्ल अव्वा, नानल्ल.’’ एवढंच पुन्हा पुन्हा. आठ दिवसांत त्याने उद्यमबागेकडे दोन मुलांबरोबर खोली घेतली. कारण सांगितलं कॉलेज जवळ पडतं म्हणून. नणंदेचा फोन यायचा थांबला.

ऑगस्टचं बिल आलं. ४,६०० आणि वर काही.

आता घरात रात्री दोनला जागणारं कुणी नव्हतं. मुलगी म्हणाली, ‘‘आई, कंपनीच्या साइटवर रोजचा हिशेब मिळतो, बघू या की.’’ तिने पासवर्ड टाकून तो तक्ता उघडला. तारीख, सुरू झाल्याची वेळ, बंद झाल्याची वेळ, किती एम.बी. रोज दुपारी एक ते चार. सोमवार ते शनिवार. रविवारी काही नाही. रविवारी हे घरी असतात, आणि मी दुपारी झोपते.

वाचकहो, दुपारी एक ते चार मी काय करत होते, सांगते. मुलीनेच मला एक संकेतस्थळ लावून दिलं होतं, त्यावर दिवसभर जुनी नाट्यगीतं चालू असत. मी भांडी आवरून, गहू निवडत, नाहीतर शिवणाचं काम घेऊन ते ऐकत बसे. मला वाटायचं, रेडिओ आहे. रेडिओला कुठे पैसे पडतात? आकाशवाणी धारवाड लावलं तर कुणी बिल पाठवतं का?

मुलीने कागदावर गणित मांडलं, ते मी अजून विसरलेले नाही. गाणं १२८ केबीपीएसने येत होतं. म्हणजे सेकंदाला १२८ हजार बिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून सेकंदाला सोळा हजार बाइट. तासाला साधारण ५८ एम.बी. रोज तीन तास, महिन्याचे सव्वीस दिवस. साडेचार हजार एम.बी. एकट्या माझ्या नाट्यगीतांचे. पहिल्या बिलात एकूण वापर ४,९०० च्या आसपास होता, म्हणजे बाकी सगळ्या घराचा मिळून चारशे-साडेचारशे. मी नसते तर एक जी.बी.तला अर्धा शिल्लक राहिला असता. आणि तो पोरगा रात्री दोनला उठत होता ते दोननंतर मोफत असायचं म्हणून. आमचे पैसे वाचावेत म्हणून तो झोप मोडत होता.

बिट आणि बाइट यातली ही आठपटीची गंमत तेव्हा कितीतरी घरांना महाग पडली. केंद्र सरकारच्या २००४ च्या धोरणात ब्रॉडबँडची व्याख्या होती किमान २५६ केबीपीएस. त्या वेगाने सलग काही उतरवलं तर एक जी.बी. संपायला पावणेनऊ तास लागत. मग वेग वाढून दोन एम.बी.पी.एस. झाला. लोक खूश झाले. पण त्या वेगाने तोच एक जी.बी. सव्वा तासाच्या आत संपतो. वेग आठपट, मर्यादा तेवढीच, असं झालं की काय होणार? नळ मोठा बसवला आणि टाकी तीच ठेवली.

नळावरून आठवलं. २००८ साली आपल्या गावातल्या काही भागांत चोवीस तास पाण्याची योजना सुरू झाली, तेव्हा घरोघरी मीटरचीच चर्चा होती. पाण्याचा मीटर निदान डोळ्यांना दिसतो. नेटचा दिसत नाही, आवाज करत नाही, आणि महिना उलटून गेल्यावर हिशेब हातात ठेवतो.

गणपतीच्या आधी मी त्या पोराच्या खोलीवर गेले. डब्यात पुरणपोळ्या होत्या. बोलायचं काय ते रिक्षात बसून ठरवलं होतं, तिथे गेल्यावर एकही वाक्य आठवेना. शेवटी हिशेबाचा तो कागदच त्याच्या हातात दिला. त्याने वाचला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘मामी, गाणी ऐकायची तर दोननंतर ऐका ओ. फुकट आहे.’’ मला हसू आलं आणि रडूही. गणपतीला तो आला, आरतीला उभा राहिला, पण राहायला परत आला नाही. शिक्षण त्या खोलीवरच पुरं केलं. नणंद बोलायला लागली ती संक्रांतीनंतर, आणि तेही आधी ह्यांच्याशी.

पुढे जादा एम.बी.ला रुपया हा प्रकार मागे पडत गेला. त्याच्या जागी आलं ‘फेअर यूसेज’. मर्यादा संपली की पैसे वाढत नाहीत, वेग कमी होतो. ‘ट्राय’ने २०१६ मध्ये कंपन्यांना बजावलं की घरच्या ब्रॉडबँडचा वेग मर्यादेनंतरही ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नका, आणि पन्नास, नव्वद आणि शंभर टक्के वापर झाला की ग्राहकाला कळवा. असा एक संदेश २००७ साली आला असता तर! त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं आणि मोबाइलवरचा डेटा इतका स्वस्त झाला की एम.बी. हा शब्दच लोक विसरले. आता मोबाइलला रोजचा दीड-दोन जी.बी. असतो आणि तो मध्यरात्री नव्याने भरतो.

आज फायबरच्या ‘अनलिमिटेड’ योजनांतही पुष्कळदा बारीक अक्षरात महिन्याला ३,३०० जी.बी.ची मर्यादा असते. घाबरू नका. चांगल्या प्रतीचं चित्र तासाला तीन जी.बी.पर्यंत खातं, म्हणजे अकराशे तास झाले. तीस दिवसांच्या महिन्यात तासच सातशेवीस. घरात तीन टीव्ही रात्रंदिवस चालू असतील तर गोष्ट वेगळी. पण मर्यादेनंतर वेग किती उरतो, तेवढं सही करण्याआधी विचारून घ्या. आणि वायफायचा पासवर्ड शेजारच्या पोरांना दिला असेल तर तो बदला, मग त्यांच्या आईने कितीही वेळा भडंग पाठवलेला असो.

भाचा आता बेंगळूरला असतो. त्याची मुलगी माझ्याशी व्हिडिओवर बोलते, निम्मं कन्नड, निम्मं मराठी. मागच्या रविवारी तिने मला विचारलं, ‘‘अज्जी, तू सारखी घड्याळाकडे का बघतेस?’’ मी काही बोलायच्या आत मागून तिचा बाप हसला.