वेबसाईटचे नाव ठेवताना

दुकानाची पाटी रंगवून घेताना आपण पेंटरच्या मागे उभे राहून एकेक अक्षर तपासतो. वेबसाईटचे नाव मात्र पुतण्या सुचवेल किंवा वेबसाईट बनवणारा ठरवेल ते मान्य करून मोकळे होतो. आमच्या मते हा उलटा हिशेब आहे. पाटी चार दिवसांत पुन्हा रंगवता येते. वेबसाईटचे नाव, म्हणजेच डोमेन नेम, एकदा बिलबुकावर, पिशवीवर आणि गिऱ्हाईकाच्या मोबाईलमध्ये गेले की ते बदलणे फार जड जाते.

व्यापारी बंधूंमध्ये एक समज घट्ट बसला आहे. साडी, ड्रेस मटेरियल, होलसेल, रत्नागिरी असे सगळे शब्द नावात कोंबले की गुगलवर आपले दुकान पहिले दिसते, असे त्यांना सांगितले जाते. एके काळी यात तथ्य होते. परंतु सप्टेंबर २०१२ मध्ये गुगलने आपल्या पद्धतीत बदल केला आणि केवळ शब्द जुळतात म्हणून सुमार वेबसाईट वर आणणे कमी केले. आता वेबसाईटवर माल कोणता, माहिती किती, पत्ता आणि वेळ खरी आहे का, नकाशावर दुकान त्याच नावाने आहे का, याला जास्त महत्त्व आहे. तेव्हा मालाची यादी नावात घालू नये, ती आतल्या पानांवर नीट लिहावी.

मग नावाचा उपयोग काय? ज्याने आपले नाव ऐकले आहे, त्याला आपण सापडलो पाहिजे. रत्नागिरीतल्या लग्नाचे कपडे पाहून कुवेतमधली नणंद फोनवर विचारते, "कुठून घेतले?" इकडून नाव सांगितले जाते आणि ती तिकडे इंग्रजी अक्षरांत टाईप करते. खरी परीक्षा इथे होते, आणि आपल्याकडची बरीच नावे इथेच नापास होतात.

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. उर्दूत 'ज़' या आवाजाची चार अक्षरे आहेत: ज़ाल, ज़े, ज़्वाद आणि ज़ोय. मराठीत त्या सर्वांचे काम 'ज' किंवा 'झ' करतो. इंग्रजीत गेल्यावर झीनतला कोणी 'झेड' लावतो, कोणी 'जे'. पुढे 'डबल ई' की 'आय', हा वेगळाच प्रश्न. कुरेशी 'के'ने की 'क्यू'ने? नूरला दोन 'ओ' की एक 'यू'? मोहम्मद या नावाची स्पेलिंगे तर मोजू नयेत. नाव आपले असेल आणि पाटीवर वर्षानुवर्षे एकच स्पेलिंग असेल तर तेच ठेवावे. शक्य असल्यास दुसरे सर्रास लिहिले जाणारे स्पेलिंगही नोंदवून पहिल्याकडे वळवून घ्यावे. खर्च थोडा वाढतो, पण गिऱ्हाईक चुकत नाही.

'साडी'चेही तसेच. इंग्रजीत कोणी शेवटी 'डबल ई' लिहितो, कोणी 'आय'. 'सेंटर' शब्द ब्रिटिश पद्धतीने 'आर-ई'ने संपतो, अमेरिकन पद्धतीने 'ई-आर'ने. 'ब्रदर्स सारीज' जोडून लिहिले तर मध्ये दोन 'एस' येतात आणि लिहिणारा एकच लिहितो. डोमेन नेममध्ये जागा सोडता येत नाही, त्यामुळे असा जोड डोळ्यांना दिसतही नाही. जोडरेघ चालते, पण फोनवर सांगताना ती हमखास गळते.

गावाचे नाव घालावे का? एकाच नावाची दुकाने अनेक शहरांत असतात, म्हणून आम्ही घालावे असेच म्हणू. इंग्रज अमदानीत रत्नागिरीचे स्पेलिंग निराळे होत असे, पण आज ते सर्वजण एकसारखेच लिहितात. 'कोकण' शब्द मात्र सांभाळून वापरावा. मराठी माणूस बोलतो तसे 'एन'शिवाय लिहितो, तर कोकण रेल्वेच्या इंग्रजी नावात 'के'नंतर 'ओ-एन' आहे.

शेवटी डॉट कॉम की डॉट इन? डॉट इन २००५ पासून सर्वांना सहज मिळू लागले आणि देशातल्या धंद्याला ते पुरेसे आहे. आखातातले गिऱ्हाईक सवयीने डॉट कॉमच लिहिते, म्हणून परवडत असेल तर दोन्ही घ्यावीत. ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत'ही मिळते. ते जोडीला ठेवावे. एकटे ठेवू नये, कारण देवनागरी ई-मेल पत्ता अजून सगळीकडे चालत नाही.

दुसऱ्याच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेऊन फायदा उपटण्याची कल्पना कोणी सुचवली तर दूर राहावे. १९९९ मध्ये 'रेडिफ'च्या नावातला 'ई' बदलून तेथे 'ए' घालणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने मनाई केली. डोमेन नेमलाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळते, हे २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले. हापूस, पैठणी, सोलापुरी चादर या नावांना भौगोलिक निर्देशनाचा कायदा लागू आहे. यंत्रमागाच्या नकली मालासाठी 'पैठणी' नावाने वेबसाईट काढणे म्हणजे आपणहून भांडण विकत घेणे.

सर्वांत मोठे नुकसान मात्र स्पेलिंगने होत नाही. डोमेन नेम विकत मिळत नाही, एक ते दहा वर्षांपर्यंत भाड्याने मिळते, आणि नोंदीत मालक म्हणून ज्याचे नाव असेल त्याचे ते असते. वेबसाईट बनवणारे पुष्कळदा आपल्याच नावाने नोंद करतात. पुढे पैशांवरून बिनसले की नाव त्यांच्याकडे आणि छापलेल्या पिशव्या आपल्याकडे राहतात. म्हणून नोंद मालकाच्या नावाने, मालकाच्या मोबाईलवर आणि मालकाच्याच ई-मेलवर असावी, नोकरी सोडून जाणाऱ्या मुलाच्या ई-मेलवर नसावी. पहिल्या वर्षाचा दर पुष्कळदा कमी असतो. दुसऱ्या वर्षाचा आधीच विचारून घ्यावा.

मुदत संपली तर डॉट कॉम नाव साधारणपणे काही आठवडे नेहमीच्या दरात परत घेता येते. पुढचे ३० दिवस जबर आकार भरावा लागतो. त्यानंतर ते कोणीही उचलू शकतो, आणि चालत्या दुकानाच्या नावावर डोळा ठेवून बसलेले लोक असतात. नूतनीकरणाच्या नावाने भलत्याच कंपनीची बिलेही येतात. ज्या कंपनीकडे नोंद केली तिचे नाव आणि मुदतीची तारीख जीएसटीच्या फाईलमध्येच लावून ठेवावी. ती फाईल तरी दर महिन्याला उघडली जाते.