वसाहतींतील पथदीप

नव्या निवासी वसाहतीतील रस्ते, पदपथ व सामाईक जागा यांवर रात्री पुरेसा व सारखा प्रकाश पडावा म्हणून केलेली दिव्यांची योजना. वाहनचालकास अडथळा वेळीच दिसावा, पादचाऱ्यास समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखता यावा आणि रहिवाशांना अंधार पडल्यावरही निर्धास्तपणे ये-जा करता यावी, हे तिचे प्रमुख हेतू होत.

भारतीय मानक क्र. १९४४ (१९७०) मध्ये वाहतुकीनुसार रस्त्यांचे वर्ग पाडलेले आहेत. वसाहतीतील रस्ते बहुधा दुय्यम गटात मोडतात. त्यांपैकी वर्दळीच्या रस्त्यांवर सरासरी ८ लक्स व कमी वर्दळीच्या रस्त्यांवर ४ लक्स प्रकाश असावा आणि कोठेही तो सरासरीच्या ०·३ पटीहून कमी नसावा, असे त्यात सुचविले आहे (१ लक्स म्हणजे १ चौ. मी. पृष्ठावर पडणारा १ ल्यूमेन प्रकाश). यांतील दुसरी अट विशेष महत्त्वाची आहे. मोजकेच प्रखर दिवे दूरदूर लावल्यास सरासरी भरते; परंतु मधला पट्टा अंधारात राहतो व उजेडाला सरावलेल्या डोळ्यांना तो अधिकच काळोखा भासतो.

दिव्यांमुळे गुन्हे घटतात काय, याविषयीचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. २०१६ मध्ये न्यूयॉर्कमधील सार्वजनिक गृहवसाहतींपैकी यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या काही वसाहतींत तात्पुरते प्रकाशस्तंभ उभारण्यात आले. तेथे घराबाहेरील रात्रीचे गंभीर गुन्हे सु. ३६ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. उलट, इंग्लंड व वेल्समध्ये काही भागांतील दिवे रात्री बंद वा मंद केल्याने गुन्हे किंवा अपघात वाढल्याचा पुरावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मिळाला नाही. यावरून दिव्यांचा परिणाम स्थळ व परिस्थिती यांवर अवलंबून असल्याचे दिसते.

महाराष्ट्रात महानगरपालिकाविषयक १९४९ च्या अधिनियमानुसार सार्वजनिक रस्त्यांवरील दिवाबत्ती हे महानगरपालिकेचे आवश्यक कर्तव्य आहे. तथापि वसाहतीतील रस्ते हस्तांतरित होईपर्यंत सार्वजनिक ठरत नाहीत. रहिवासी मात्र त्याआधीच राहावयास येतात. या मधल्या काळात विजेचे देयक कोणी भरावे व बंद पडलेला दिवा कोणी बदलावा, हे निश्चित नसल्यास खांब असूनही रस्ता अंधारात राहतो. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याने पथदीपांचा अंतर्भाव अंतर्गत विकासकामांत केला आहे. ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत सेवांतील दोष निदर्शनास आणल्यास प्रवर्तकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो.