बाबांना उसने पैसे: पक्के समज आणि कच्चे कागद

ऑगस्ट २०२१मध्ये रिझर्व्ह बँकेने पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. बँकेने दिलेल्या आकडेवारीनुसार ९५ टक्के ठेवीदारांना ठेव विमा महामंडळाकडून पूर्ण रक्कम मिळेल, असे तेव्हाच जाहीर झाले. उरलेले ५ टक्के कोण, याची चर्चा कमी झाली. विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२०पासून एका बँकेत एका ठेवीदाराला, व्याजासह, ५ लाख रुपये आहे. म्हणजे ज्यांची ठेव त्याहून मोठी होती, ते हे पाच टक्के. फंड, ग्रॅच्युइटी किंवा जमिनीचा मोबदला ओळखीच्या एकाच बँकेत ठेवून निर्धास्त झालेला निवृत्त माणूस या गटात सहज बसतो.

अशी माणसे मुलांकडे हात पसरत नाहीत. फार तर म्हणतात, “थोडे दिवस दे, उसने म्हणून दे.” आणि कामोठ्यात किंवा खारघरला घराचे हप्ते फेडणाऱ्या मुलामुलींच्या मनात एकदम चार प्रश्न उभे राहतात. टॅक्स लागेल का, परत मागता येतील का, दादाला सांगायचे का, नाही म्हटले तर काय? या प्रश्नांची घरोघरी ऐकू येणारी उत्तरे बरीचशी चुकीची असतात.

“त्यांना काय कमी आहे? पेन्शन आहे, जागा आहे.”

पेन्शनपासून सुरुवात करू. तळोजा, पाताळगंगा, रसायनीच्या खासगी कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांना जे पेन्शन मिळते ते बहुधा कर्मचारी पेन्शन योजनेचे, म्हणजे ईपीएस-९५चे. त्याचे सूत्र साधे आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले ७०. पगार कितीही असला तरी हिशेबात धरायची कमाल मर्यादा सप्टेंबर २०१४पासून १५,००० रुपये, त्याआधी ६,५००. पूर्ण मर्यादेवर ३५ वर्षे भरली तरी उत्तर येते महिना ७,५००. योजनाच नोव्हेंबर १९९५मध्ये सुरू झाली, तेव्हा ३५ वर्षे भरलेला माणूस अजून सापडायचा आहे. किमान पेन्शन १,००० रुपये. त्यात महागाई भत्ता नाही. सरकारी पेन्शन डोळ्यासमोर ठेवून “बाबांचे भागते” असे गृहीत धरणाऱ्याने एकदा त्यांचे पासबुक उघडून पाहावे.

जागेचे प्रकरण आणखी गुंतागुंतीचे. पनवेल तालुक्यातल्या जमिनी सिडकोसाठी संपादित झाल्या. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १९८४मध्ये जासईला झालेल्या लढ्यात शेतकऱ्यांचे बळी गेले आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. काहींनी भूखंड राखले, अनेकांनी विकले, आणि तो पैसा घर, लग्ने, गाड्या यांत गेला. आज गावातले घर कागदावर नसले तरी तोंडी लाखांचे. पण ते घर ‘गरजेपोटी’ बांधलेले असेल, नियमित झालेले नसेल, तर बँक त्यावर सहजासहजी कर्ज देत नाही. कोटीच्या गप्पा आणि भाजीला पैसे नाहीत, ही स्थिती इथे अजिबात विचित्र नाही.

ज्यांचा फ्लॅट स्वतःच्या नावावर आणि कागद स्वच्छ आहेत, त्यांच्यासाठी एक मार्ग आहे, ज्याचे नाव काढले की घरात शांतता पसरते: रिव्हर्स मॉर्गेज. साठी ओलांडलेल्यांसाठी बँक घर तारण ठेवून दरमहा रक्कम देते. हयातीत त्याच घरात राहता येते आणि तोवर परतफेड नसते. मिळणाऱ्या रकमेवर आयकर नाही, आणि नंतर वारसांना कर्ज फेडून घर ठेवताही येते. आपल्याकडे ही योजना फारशी चालली नाही. व्याज साठत जाते हे एक खरे कारण आहेच. पण माझ्या मते मोठे कारण हे की ते घर मुलांनी मनातल्या मनात आधीच वाटून घेतलेले असते.

“उसनेच देतोय, म्हणजे पैसे सुरक्षित.”

इथे खरा निर्णय असतो, आणि तो बहुतेक जण बाबांच्या स्वभावावरून घेतात. बाबा शब्दाचे पक्के, म्हणजे परत येतील. पण शब्दाचा पक्का माणूस कुठून परत करणार? परतीचा पैसा कुठून आणि साधारण कधी येणार हे सांगता येत असेल तरच ते कर्ज. एफडीची मुदत सहा महिन्यांनी संपतेय, एलआयसीची पॉलिसी मार्चमध्ये मिळणार, भूखंडाचा व्यवहार नोंदणीपर्यंत आलाय. अशा वेळी उसने द्यावेत, आणि परत घेताना संकोचही करू नये.

बुडालेल्या बँकेच्या बाबतीत हा फरक फार स्पष्ट दिसतो. १ सप्टेंबर २०२१पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले की विम्याची रक्कम साधारण ९० दिवसांत ठेवीदाराला मिळायला हवी. पुढे कुठल्याही बँकेत बाबांचे पैसे अडकले, तर त्या ५ लाखांच्या भरवशावर तीन-चार महिन्यांपुरते उसने देणे शहाणपणाचे आहे. ५ लाखांच्या वरची रक्कम मात्र अवसायक किती वसुली करतो यावर अवलंबून असते आणि तिला तारीख नसते. तिच्या भरवशावर दिलेले पैसे हे देऊन टाकलेले पैसे समजावेत. तसे समजून द्यायला हरकत काहीच नाही. हिशेब मात्र देण्याआधीच स्वतःशी करावा. घरखर्चाची दरमहाची तूट तर कधीच ‘उसनी’ भरू नये. ती मदत आहे, ती दर महिन्याला ठरलेल्या तारखेला, न मागता खात्यात जावी.

“मोठी रक्कम दिली की बाबांना टॅक्स.”

नाही. मुलांकडून आईवडिलांना मिळालेली भेट, रक्कम कितीही असो, करमुक्त आहे. सुनेने सासूला किंवा जावयाने सासऱ्यांना दिली तरी तसेच. कर्ज तर उत्पन्नच नाही, त्यामुळे त्यावर कराचा प्रश्न येत नाही. बिनव्याजी दिले तरी चालते. व्याज घेतले तर ते मात्र तुमचे उत्पन्न.

आणखी एक गोष्ट अनेकांना उलटी माहीत असते. बायकोच्या नावावर पैसे ठेवले तर त्यावरचे व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरले जाते. आईवडिलांना दिलेल्या पैशाला हा नियम लागू नाही. आईने त्या भेटीतून ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे गुंतवले (कमाल मर्यादा एप्रिल २०२३पासून ३० लाख), तर येणारे व्याज आईचे. तिला दुसरे मोठे उत्पन्न नसेल तर त्यावर कर बहुधा शून्य.

धोका आहे तो वेगळ्याच ठिकाणी. २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेता येत नाही आणि रोखीने फेडताही येत नाही. नियम मोडल्यास तितक्याच रकमेचा दंड होऊ शकतो. दोघांचेही उत्पन्न फक्त शेतीचे असेल तर सूट आहे. केवळ नाते आहे म्हणून सूट नाही. थोडे थोडे करून दिले तरी आधीची बाकी धरूनच २०,०००चा हिशेब होतो. तेव्हा पाकिटातून नोटा काढण्याऐवजी खात्यात टाका आणि तपशिलात ‘भेट’ की ‘कर्ज’ हे लिहा.

“घरात कागद कशाला?”

कागद बाबांसाठी नसतो. बापावर दावा लावणारा मुलगा क्वचितच असेल, आणि असला तर त्याला हा लेख नको, वकील हवा. कागद असतो भावंडांसाठी.

एक नेहमीचा प्रकार घ्या. ताईने बाबांच्या बायपासला ४ लाख दिले, सगळ्यांसमोर, उसने म्हणून. सहा वर्षांनी बाबा गेले. फ्लॅट तिघांत वाटायचा आहे. कायद्याने बाबांचे कर्ज हे आधी त्यांच्या मालमत्तेतून फेडायचे असते, मग उरलेल्याची वाटणी. पण लेखी काहीच नाही, तेव्हा दादा म्हणतो, “तू प्रेमाने दिलेस गं.” वहिनी मान डोलावते. ताई गप्प बसते, आणि पुढच्या गणपतीला येत नाही.

आणि लेखी असते तरी एक खाच होती. उसन्या पैशाच्या वसुलीची मुदत ३ वर्षे. “जमेल तेव्हा दे” किंवा “मागेन तेव्हा दे” असे म्हणून दिलेल्या कर्जाची ३ वर्षे मागितल्याच्या दिवसापासून मोजत नाहीत, दिल्याच्या दिवसापासून मोजतात. ही मुदत संपण्याआधी बाबांनी ‘इतके देणे आहे’ असे सही करून लिहून दिले तर नवी ३ वर्षे सुरू होतात. एक पान पुरते: रक्कम, तारीख, कोणत्या खात्यातून, परत कशातून करायचे, दोघांच्या सह्या. त्याचा फोटो भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावा. हे शेवटचे वाक्य कुठल्या कायद्यात नाही, पण भांडणे त्यानेच जास्त टळतात.

भेट दिली असेल तर तेही सांगून टाकावे. वर्षानुवर्षे मनात ठेवलेली बाकी सगळ्यात महाग पडते.

“बापाचे कर्ज मुलाने फेडलेच पाहिजे.”

जुन्या हिंदू कायद्यात मुलाचे ते धार्मिक कर्तव्य मानले जाई. पण मुंबई इलाख्यात १८६६च्या कायद्यानेच वारसाची जबाबदारी वडिलांकडून आलेल्या मालमत्तेपुरती सीमित केली होती. ९ सप्टेंबर २००५पासून लागू झालेल्या हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने तर स्पष्टच केले, की त्यानंतरच्या कर्जासाठी केवळ या धार्मिक कर्तव्याच्या आधारावर मुलगा, नातू किंवा पणतू यांच्यामागे लागता येणार नाही. वारशात मिळाले तेवढ्यापुरते देणे लागते, त्यापलीकडे नाही. वसुलीचा माणूस दारात येऊन “मुलगा आहेस ना” म्हणाला, तर त्याला कागदावर तुमची सही दाखवायला सांगा.

सही असेल तर सगळेच बदलते. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते; आधी बाबांकडे वसूल करा, मग माझ्याकडे या, असे म्हणता येत नाही. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना सहकारी संस्था कायद्याचे कलम १०१ माहीत असते: निबंधकाकडून वसुली दाखला निघतो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. म्हणूनच खात्यातून २ लाख देणारा मुलगा दहा वेळा विचार करतो आणि १० लाखांच्या कर्जावर ‘नुसती सही’ करून येतो, हे पाहिले की नवल वाटते. २ लाख गेले तर २ लाखच जातात.

“नाही म्हटले तर केस होते.”

२००७चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक कल्याण कायदा पोटगीचा आहे, कर्जाचा नाही. स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून ज्यांना निर्वाह करता येत नाही, अशा आईवडिलांना तो अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधपाण्यासाठी मुलांकडून दरमहा रक्कम मिळवून देतो. त्याची कमाल मर्यादा १०,००० रुपये. अर्ज प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणापुढे चालतो. धाकट्याच्या धंद्यासाठी किंवा दुसऱ्या मजल्याच्या बांधकामासाठी रक्कम दिली नाही म्हणून या कायद्याखाली काही होत नाही. त्या मागणीला नाही म्हणता येते आणि कधी कधी म्हणावेच लागते.

“लग्न झालेल्या मुलीवर जबाबदारी नाही” हेही खोटे. कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर मुलीकडे वडिलांनी पोटगी मागितली, तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९८७मध्ये निकाल लागला की स्वतःचे उत्पन्न असलेली मुलगी, लग्न झाले तरी, वडिलांच्या पोटगीला बांधील आहे.

आणि “आधी फ्लॅट नावावर करा, मग बघतो” म्हणणाऱ्यांसाठी: सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता मुलाच्या नावावर केली आणि मुलाने अट पाळली नाही, तर तो व्यवहार याच कायद्याच्या कलम २३खाली रद्द होऊ शकतो.

“दवाखान्याचे बिल आहे, म्हणजे कर्ज काढावेच लागणार.”

आईवडील मुलांकडे पैसे मागतात ते पुष्कळदा आजारपणासाठी. तेव्हा आपली एफडी मोडण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता फक्त पिवळ्या-केशरी रेशनकार्डांपुरती राहिलेली नाही. राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. आणि २९ ऑक्टोबर २०२४पासून सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतखाली कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचे संरक्षण मिळते. दोन्हींना योजनेत नाव असलेले रुग्णालय आणि यादीतला उपचार लागतो, म्हणून रुग्णवाहिका दारात उभी असताना ही चौकशी होत नाही. सत्तरीवरच्यांच्या या योजनेचे वय वंदना कार्ड आधार दाखवून आधीच काढून ठेवता येते. आईची सत्तरी झाली असेल तर या रविवारी तेवढे काम करून घ्या.