सातूला मोड येतात तेव्हा

लडाखमध्ये त्सो मोरीरी सरोवराच्या काठी, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, कोरझोक गाव आहे. तिथेही सातू, म्हणजे जव, पिकतो. पाऊस नावालाच, वितळलेल्या बर्फाचं पाणी पाटांनी शेतात आणायचं आणि थंडी परतायच्या आत पीक कापून मोकळं व्हायचं. सातू लवकर तयार होतो, गारठा सोसतो, म्हणून हे जमतं. तिबेटच्या पठारावर ३,००० मीटरच्या वर माणूस बाराही महिने राहू लागला तो सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी, आणि तेही सातूच्याच आधारावर, असं पुरातत्त्वज्ञ मानतात. खारवट जमिनीतही इतर बहुतेक तृणधान्यांपेक्षा तो चांगला तग धरतो.

मला मात्र त्याचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते मोड येताना. भिजलेल्या दाण्यातला अंकुर जिबरेलिन हे संप्रेरक सोडतो. ते कडेच्या पेशींच्या थरापर्यंत पोचलं की तो थर अमायलेज नावाचं विकर बनवू लागतो, आणि दाण्यात साठवलेल्या पिष्टाची साखर होऊ लागते. १८३३ मध्ये पायेन आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या सातूच्या अर्कातूनच असं विकर वेगळं काढलं. विज्ञानाच्या हाती लागलेलं ते पहिलं विकर. मोड वेळेवर वाळवले की माल्ट होतं. बिअर त्याचीच, मुलांच्या दुधातली माल्टची पूडही त्याचीच. घट्ट लापशीत चिमूटभर माल्ट घातलं तर ती पातळ होते, आणि तेवढ्याच वाटीत बाळाच्या पोटात जास्त अन्न जातं. बाळासाठी नाचणीला मोड आणतात, त्यामागेही हीच क्रिया आहे.

चाऱ्याचा हिशेब वेगळा. ट्रेमध्ये मातीविना वाढवलेल्या किलोभर सातूचा आठवड्यात पाच-सहा किलो हिरवा चारा होतो खरा, पण वाढलेलं वजन जवळजवळ सगळं पाण्याचं. श्वसनात पिष्ट जळतं, त्यामुळे कोरडा भाग उलट थोडा घटतो. टंचाईत जनावरांना हिरवं मिळतं, हे मोलाचंच. मात्र कोरडा भाग वाढत नाही, हेही ट्रे विकणाऱ्याने शेतकऱ्याला सांगायलाच हवं.

सातूच्या कोवळ्या पात्यांच्या पुडीबद्दलही बरेच दावे होतात. त्यात हरितद्रव्य आणि ‘के’ जीवनसत्त्व असतं, पण ती कर्करोग बरा करते याला पुरावा नाही. रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. आणि ज्यांना ग्लूटेन चालत नाही त्यांनी मोड आलेला सातूही टाळावा; मोडांमुळे ग्लूटेन कमी होतं, नाहीसं होत नाही.