काटा खोटं बोलतो तेव्हा

खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी वय किमान १७, शिक्षण दहावी आणि निदान ४० तासांचं उड्डाण लागतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. लेखी परीक्षा मात्र ‘पाठ करून टाकू’ म्हणून शेवटी ढकलली जाते, आणि तिथेच घात होतो. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के गुण हवेत.

नियमांचा भाग पाठांतरानं निभावतो, हवामानाचा नाही. अल्टिमीटरच घ्या. हे यंत्र उंची मोजतच नाही. ते हवेचा दाब मोजतं आणि त्यावरून उंची सांगतं. समजा, त्याच्या छोट्या खिडकीत तुम्ही १०१३ हेक्टोपास्कल लावलेत, पण पावसाळी हवेमुळे त्या भागात समुद्रसपाटीचा दाब १००३ वर आलाय. एका हेक्टोपास्कलला साधारण ३० फूट धरले, तर काटा ३०० फूट जास्त दाखवणार. पुढे सह्याद्रीचा माथा ढगात बुडालेला असताना हे ३०० फूट जिवावर बेततात. म्हणून व्याख्या घोकण्याआधी आकृती काढा, आकडे बदलून चारदा हिशेब करा.

दिशाशोधनात ‘साठास एक’ बोटांवर हवं. ६० सागरी मैलांत १ मैल बाजूला सरकलात, तर मार्ग सुमारे १ अंशानं चुकला. ३० मैलांत २ मैल, तर ४ अंशांनी. खरा नकाशा पसरा, पेन्सिलीनं रेघ ओढा आणि रोज असं एक गणित सोडवा, तेही घड्याळ लावून.