गेन वाढवला की माइकमागून येणारा ‘शूऽऽ’ नेमका कुठून येतो?

हिंजवडीत फेज वन ते थ्रीच्या आसपासच्या सोसायट्यांमध्ये एखादा तरी फ्लॅट असा सापडतोच, जिथे बेडरूमच्या कोपऱ्यात माइक, स्टँड आणि छोटा ऑडिओ इंटरफेस मांडलेला असतो. पॉडकास्ट, कव्हर साँग, ऑडिओबुक, काहीतरी चालू असतं. आणि गेनचं बटण शेवटपर्यंत फिरवलं की तक्रार एकच: मागे सतत ‘शूऽऽ’ येतंय. मग चर्चा सुरू होते, महागडा माइक घ्यायचा की नॉइज काढणारं ॲप टाकायचं? पण या दोघांच्या मध्ये एक भाग असतो, ज्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. माइक प्रीॲम्प. त्यातही त्याचा अगदी पहिला ट्रान्झिस्टर.

आधी आकडे बघू, म्हणजे प्रश्न किती नाजूक आहे ते कळेल. शुअर एसएम५८ हा माइक १९६६ पासून जगभरच्या स्टेजवर दिसतो. माइक ओठांजवळ धरून जोरात बोललं की साधारण ९४ डेसिबल आवाज त्यावर पडतो, आणि तो १.८५ मिलिव्होल्ट सिग्नल देतो. तेच एक मीटर लांबून नेहमीच्या आवाजात बोललात, म्हणजे सुमारे ६० डेसिबल, तर हातात उरतात फक्त ३७ मायक्रोव्होल्ट. पुढच्या प्रोफेशनल यंत्रांना लागतो साधारण १.२ व्होल्ट. म्हणजे जवळून बोललात तर साडेसहाशे पट वाढवायचं, लांबून बोललात तर तीस हजार पटींहून जास्त.

आता गंमत अशी की माइक स्वतःच थोडा आवाज करतो. खोलीत टाचणी पडली नाही तरी. कुठल्याही रेझिस्टन्समधले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत वळवळत असतात आणि त्यातून बारीकसा व्होल्टेज तयार होतो. बेल लॅब्समध्ये जॉन्सनने हा मोजला, नायक्विस्टने त्याचं गणित मांडलं. दोघांचे पेपर १९२८ चे. १५० ओहमच्या माइकसाठी ऐकू येणाऱ्या पट्ट्यात हा आकडा ०.२२ मायक्रोव्होल्ट येतो. ही जमिनीची पातळी. कितीही पैसे टाका, याच्या खाली जाता येत नाही. डिझायनरच्या हातात एवढंच असतं की या जमिनीवर स्वतःची भर कमीत कमी घालायची.

आणि ती भर जवळजवळ सगळी पहिल्या स्टेजमध्ये पडते. पहिल्या ट्रान्झिस्टरने सिग्नल शंभर पट वाढवला, की पुढच्या स्टेजचा नॉइज त्या वाढलेल्या सिग्नलपुढे शंभर पट लहान ठरतो. पण पहिल्याने केलेली घाण मात्र सिग्नलबरोबरच वाढत जाते. हा नियम फक्त ऑडिओचा नाही. पुण्याहून नाशिक रस्त्याने नारायणगावला गेलात तर जवळच खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. तिथेही पहिला लो-नॉइज ॲम्प्लिफायर खाली कंट्रोल रूममध्ये नाही, वर डिशच्या फोकसपाशी बसवलेला असतो. आकाशातला सिग्नल असो की तुमची आई, पहिला ऐकणारा चांगला हवा.

ट्रान्झिस्टर दोन प्रकारे नॉइज घालतो. एक व्होल्टेज नॉइज: कलेक्टर करंट वाढवला की हा कमी होतो. दुसरा बेस करंटचा नॉइज: कलेक्टर करंट वाढवला की बेस करंटही वाढतो, म्हणून हा वाढतो, आणि माइकचा रेझिस्टन्स जितका जास्त तितका जास्त जाणवतो. म्हणजे मध्ये कुठेतरी एक चांगली जागा आहे. २०० ओहमचा सोर्स आणि २०० गेनचा ट्रान्झिस्टर धरला तर गणित साधारण १.८ मिलिअँपिअरवर येतं. हजारो ओहमच्या गिटार पिकअपला तोच ट्रान्झिस्टर त्याच करंटवर चालवलात तर तो वाईट वागेल.

म्हणूनच नुसता ‘लो-नॉइज ट्रान्झिस्टर’ हा शब्द फसवा आहे. तापकीर गल्लीत सहज मिळणारा बीसी५४९ लो-नॉइज म्हणूनच विकला जातो, आणि तो खोटाही नाही. पण डेटाशीट उघडा: नॉइजचा आकडा २ किलोओहम सोर्स आणि २०० मायक्रोअँपिअरला दिलाय. आपला माइक १५० ओहमचा! शिवाय छोट्या ट्रान्झिस्टरच्या बेसमध्ये आतला रेझिस्टन्सही असतो. तो १०० ओहम असेल तर माइकला १०० ओहमचा रेझिस्टर जोडल्यासारखाच नॉइज येणार. उपाय जुना आणि सोपा आहे: सारखे ट्रान्झिस्टर पॅरलल जोडा. चार जोडले की व्होल्टेज नॉइज निम्मा होतो. किंवा मोठ्या चिपचा, कमी बेस रेझिस्टन्सचा ट्रान्झिस्टर शोधा.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. ‘सेफ्टी’ म्हणून ट्रान्झिस्टरच्या आधी सिरीजमध्ये १ किलोओहम टाकलेले सर्किट बरेच दिसतात. १५० चे ११५० ओहम झाले, की जमिनीची पातळीच जवळपास ९ डेसिबल वर आली. मग पुढे सोन्याचा ट्रान्झिस्टर लावा, काय फायदा?

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे ‘नंतर ॲपने काढू’ हे वाक्य मला रोज ऐकू येतं. ॲप ‘शूऽऽ’सारखं जे जे दिसेल ते दाबायला बघतं. पण स, श, फ, ह हे आपले उच्चार तसेच असतात. ‘चमचा’मधला च आणि ‘चहा’मधला च यांतला फरक तर बराचसा त्या वरच्या पट्टीतल्या घर्षणातच असतो. हळू बोलणाऱ्या माणसाचं रेकॉर्डिंग जास्त साफ केलं की नेमकं तेच पुसलं जातं. हिंजवडी ज्या मुळशी तालुक्यात आहे, तिथल्या गावांतूनही हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पूर्ण प्रकल्पात एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या आणि पुढे अनेक बायकांचे आवाजही रेकॉर्ड झाले. आज आजीच्या ओव्या कुणाला रेकॉर्ड करायच्या असतील, तर तिथे चमचा-चहाचा हा फरक टिकायला हवा.

खरेदी करताना ‘ईआयएन’ हा आकडा बघा. १५० ओहमला सैद्धांतिक हद्द सुमारे −१३१ डीबीयू आहे. −१२८ उत्तम. कुणी −१३५ लिहिलं असेल तर इनपुट शॉर्ट करून किंवा ए-वेटिंग लावून मोजलेलं असणार. आणि −१२५ वरून −१२८ वर जायला पैसे मोजण्याआधी माइकचं अंतर निम्मं करा. ६ डेसिबल फुकट मिळतात.

तुमचा ‘शूऽऽ’ प्रीॲम्पचा की खोलीचा, हे घरीच तपासता येतं. एक्सएलआर प्लगच्या २ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये १५० ओहमचा रेझिस्टर सोल्डर करा, ४८ व्होल्टचा फँटम बंद ठेवा, प्लग लावून नेहमीच्या गेनला एक मिनिट रेकॉर्ड करा. मग रेझिस्टर काढून, शांत खोलीत माइक लावून तेवढंच रेकॉर्ड करा. दोन्हींत ‘शूऽऽ’ सारखाच असेल तर तो इलेक्ट्रॉनिक्सचा. माइकवाल्यात बराच जास्त असेल तर आधी पंखा बंद करा. ३५ डेसिबलची खोलीसुद्धा एसएम५८ मध्ये सुमारे २ मायक्रोव्होल्ट पाठवते, म्हणजे त्या रेझिस्टरच्या नऊ-दहा पट.